पुंजाजीचा देवदूत

बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचं नाव ठेवलं होतं इसिदोर. पण अंजनगाव सुर्जीकडच्या माणसांच्या तोंडात हे नाव काही केल्या बसेना. कोणी इस्दोर म्हणे, कोणी विसदोर. शेवटी त्याच्या आजीनंच सांगून टाकलं, देवाच्या दारी काय म्हणायचं ते म्हणा, माह्या दारी हा पुंजाजी. आणि मग तो जन्मभर पुंजाजीच राहिला.

एकटे फादर लुई त्याला इसिदोर म्हणत. फादर मूळचे फ्रान्सकडचे, पण वऱ्हाडात राहून राहून असे वऱ्हाडी झाले होते की ठेचा खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येत नसे. पुंजाजी लहान असताना त्यांनी त्याला एक तसबीर दिली होती. तिच्यात एक दाढीवाला शेतकरी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे, आणि मागे त्याच्या शेतात एक देवदूत पांढऱ्या बैलांची जोडी हाकत नांगर चालवतो आहे. हा संत इसिदोर, स्पेन देशातला. फादर सांगत, हा काही राजा नव्हता की पंडित नव्हता, दुसऱ्याच्या वावरात राबणारा साधा गडी होता. रोज पहाटे चर्चमध्ये जायचा, म्हणून कामावर यायला उशीर व्हायचा. सोबतच्या गड्यांनी मालकाकडे चुगली केली. मालक तणतणत वावरात आला तर काय! इसिदोर यायचाच आहे, आणि त्याच्या जागी देवदूत नांगरतो आहे. मालकानं हात जोडले.

आता पुंजाजी स्वतः सालदार. त्याचा बाप सालदार, आजा सालदार. पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाची बैलं, मालकाचं वावर, मालकाच्या शिव्या. अशा माणसाला या संताचा किती अभिमान वाटत असेल ते सांगायला नको. स्वर्गात मोठमोठे लोक बसलेत, त्यांच्यात आपल्यातलाही एक जण बसला आहे, असं तो ज्याला त्याला सांगे. वावरात पाय ठेवण्याआधी "संत इसिदोर, आमच्यासाठी इनंती कर" म्हणे आणि मगच बैल जुपे. यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चूक पुढे झाली, आणि ती एवढी झाली की त्याला आपलं तोंड कुठं लपवावं ते कळेना.

त्याचे मालक वामनराव पाटील. माणूस तापट, पण मनाचा वाईट नाही. पुंजाजीला दर रविवारी मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं असे आणि मिशन होतं दोन कोसांवर. पाटलांनी एकदाच काय ते सांगून ठेवलं होतं, "प्रार्थनेले जा बाप्पा, मी देवाच्या आड येत नाही. पण तुह्या वाट्याचं काम दिवस बुडाच्या आत झालं पायजे." म्हणून पुंजाजी रविवारी अंधारातच निघे, मिस्सा झाली की पळतपळत दुपारपर्यंत वावरात येई आणि मग अंधार पडेपर्यंत बैलांच्या मागं फिरे. पाटील स्वतः रविवारी अंजनगावच्या बाजारात असत. संध्याकाळी आले की घोड्यावरूनच वावर पाहून घेत.

त्याच पाटलांकडे दुसरा सालदार होता डोमाजी. दोघांची घरं समोरासमोर. लहानपणी दोघांनी एकत्र गुरं वळली, एकत्र मार खाल्ला. बाभळीचं लाकूड फोडताना डोमाजीच्या डाव्या पायाचा अंगठा कुऱ्हाडीखाली गेला, तेव्हा पुंजाजीनंच त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं. पुंजाजीच्या आज्यानं दुष्काळात मिशनचा धर्म घेतला होता. डोमाजीच्या घरचे जुन्याच वाटेनं चालत होते. छप्पन साली डोमाजी पांढरे कपडे घालून नागपूरला गेला, धम्म घेऊन आला आणि आल्याआल्या घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडून आला. पुंजाजीला ते काही रुचलं नाही.

"अबे, देव नाही तं माणसानं हाका माराव कोणाले?" तो म्हणे.

"शेजाऱ्याले मार," डोमाजी म्हणे. "मी समोरच राह्यतो."

डोमाजीला थट्टेची भारी खोड. तसबिरीकडे बोट दाखवून विचारायचा, "काय म्हणते तुहा दाढीवाला सालदार? त्याचा मालक त्याले कधी शिव्या देत होता का नाही?" पुंजाजी चिडे. पण संध्याकाळ झाली की दोघं एकाच ओट्यावर बसत, एकाच पुडीतली तंबाखू मळत.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. डवरणीचे दिवस होते. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमधलं तण काढायला डवऱ्याचं काम उरकायलाच हवं होतं, आणि मध्येच रविवार आला. पुंजाजी मिस्सेहून परतला तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. मनात एकच धाकधूक, आज काही अंधाराच्या आत काम व्हायचं नाही. वावराच्या धुऱ्यावर आला आणि जागीच उभा राहिला. अर्धंअधिक वावर डवरलेलं होतं! मातीचा रंग ताजा होता. त्याची पांढरी बैलजोडी निंबाखाली बांधलेली, दोघांच्या मानेवर घाम. आणि वावरात चिटपाखरू नाही.

तो तिथंच धुऱ्यावर गुडघ्यांवर बसला. अगदी तसबिरीतल्यासारखा बसला, आणि आपण तसबिरीतल्यासारखे बसलो आहोत हेही त्याच्या ध्यानात आलं. मग उठून तो ओळीओळींनी फिरला. मऊ मातीत पावलं उमटलेली होती, अनवाणी. तसबिरीतला देवदूतही अनवाणीच होता. वावराच्या त्या टोकाला, नाल्याजवळ, एक डावं पाऊल खोल रुतलं होतं. त्या पावलाला अंगठा नव्हता. पुंजाजीनं ते पाहिलं. मग त्यानं त्या पावलावरून आपला पाय फिरवला, माती सारखी केली आणि बैल जुपायला गेला. कामाची घाई होती ना! माती सारखी करायला कशी काय फुरसत मिळाली, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. सुंदराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"बैलं कोणं जुपली म्हणता?"

"देवदूतानं."

"अन् मंग सोडून निंबाले कोणं बांधली?"

"त्यानंच. दुसरं कोण बांधन?"

"काहो, देवदूताले आपल्या दाव्याची गाठ मारता येते का?" तिनं विचारलं. "कोणी माणूस असन जी. उगाच काहीबाही बोलू नका."

पुंजाजी भडकला. तुह्या मनात भावच नाही म्हणाला, आणि न जेवता ओट्यावर जाऊन बसला. समोर डोमाजी पाय चोळत बसला होता. "थकला काय रे?" पुंजाजीनं विचारलं. "उलीसा," डोमाजी म्हणाला. तेवढंच बोलणं झालं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पावसाळाभर असं चाललं. आता पुंजाजी मिस्सेहून पळत येईनासा झाला. चर्चच्या आवारात निवांत उभा राहून लोकांशी बोलू लागला. आणि कधी बोलता बोलता त्यानं नत्थुजी मास्तरांना सगळं सांगून टाकलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

नत्थुजी मास्तर मिशनमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत. भला माणूस, पण चमत्कार म्हटलं की त्यांना भूक लागायची नाही. त्यांनी पुंजाजीला आंब्याखाली दगडावर उभं केलं आणि मिस्सा संपवून निघालेल्या सगळ्या लोकांना बोलावलं. पुंजाजीनं सांगितलं. पहिल्या वेळी अडखळत, दुसऱ्या वेळी जरा बरं, आणि दिवाळीपर्यंत तर असं रंगवून सांगायला लागला की ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावत. आता त्याच्या गोष्टीत वाऱ्याची झुळूक आली, कुठल्याशा फुलांचा वास आला. पावलं मात्र आली नाहीत. लोक त्याच्या गावी येऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवून जाऊ लागले. मे महिन्यातल्या सणाला संत इसिदोराची मूर्ती वावरांमधून मिरवतात, येत्या सणाला मूर्ती पुंजाजीच्याच खांद्यावर द्यायची असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

फादरांनी एकदा त्याला बाजूला घेतलं. "इसिदोर, देवाजवळ दूत लय असतात," ते म्हणाले. "काहींले पंख नसतात. जरा चौकशी करून पाय." पुंजाजीला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

इकडे डोमाजीचं वावर मागं पडत चाललं होतं. नाल्यापलीकडची पराटी तणानं भरली. सोमवारी, मंगळवारी तो जीव तोडून काम करी, पण रविवारचं राहिलेलं भरून निघत नसे. पाटील चिडले. शेवटी वेचणीच्या दिवसांत त्यांनी पुंजाजीला वाड्यावर बोलावून घेतलं.

"पुंजाजी, तू खोटं बोलणारा माणूस नाही," पाटील म्हणाले. "तू अर्धा दिवस प्रार्थनेले जाते तरी तुहं वावर साफ. अन् हा डोम्या दिवसभर वावरात असते, तं त्याचं वावर असं काहून?"

पुंजाजीच्या तोंडात उत्तर तयार होतं. निदान बोलताना तरी त्याला असं वाटलं की ते देवानंच आपल्या तोंडात घातलं. "काय सांगाव मालक," तो म्हणाला, "रविवारी त्याचं काम दिसतच नाही. देवाचं नाव सोडलं त्यानं. मंग हाताले बरकत कोठून येईन?"

बोलून झाल्यावर त्याला जरा कसंसं वाटलं. पण पाटलांनी मान डोलवली, आणि पुंजाजी घरी येऊन जपमाळ घेऊन बसला.

पाडवा आला. वामनराव पाटलांनी पुंजाजीचं साल धरलं आणि डोमाजीचं धरलं नाही. आसपासच्या गावांतही त्याला कोणी ठेवेना. ज्याला पाटलानं सोडलं, त्याच्यात काहीतरी खोट असणार, असाच सगळ्यांचा हिशेब. चार दिवसांनी डोमाजी ट्रंक आणि वळकटी घेऊन पुंजाजीच्या ओट्यावर आला. बायको भागीरथा आणि मुलं पुढं सडकेवर गेली होती. अकोल्याच्या रेल्वे मालधक्क्यावर माझा साळा पोती वाहतो, तो मला तिथं कामाला लावून देतो, असं डोमाजीनं सांगितलं.

सुंदराबाईनं चहा दिला. डोमाजीनं तो पिऊन टाकला आणि बसून राहिला. सडकेवरून पहिली गाडी गेली तरी उठला नाही. "अजून उलीसा भेटन काय वैनी?" त्यानं विचारलं, आणि दुसरा कप पिऊनही बसून राहिला. मधूनमधून तो पुंजाजीकडे पाहत होता. पुंजाजी जमिनीकडे पाहत होता. शेवटी डोमाजी उठला, ट्रंक उचलली, वळकटी खांद्यावर घेतली.

"आता रविवारी लवकर येत जा बाप्पा," तो म्हणाला. "मी नसन."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? तुही बैलं कोण जुपन आता?"

डोमाजी आधी हसला. ही पुंजाची थट्टा असावी असं त्याला वाटलं. मग त्याचं हसू गेलं.

"अबे, तुले खरंच मालूम नोयतं काय?" तो म्हणाला. "मले वाटे तुले मालूम हाय. तू फादरच्या लोकांत ते देवदूताचं सांगतं, तं म्हटलं सांगू दे, मोठेपणा भेटते गड्याले. आपलं काय जाते? तू अंधारात उठून दोन कोस जाये, पावसात. तुहा बापबी असाच जाये. म्हटलं अर्धं काम आपण करून टाकू. मी देवाले सोडलं पुंजा, तुले थोडीच सोडलं?"

मालकाला आपण काय सांगितलं ते पुंजाजीच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात सडकेवर गाडीचा भोंगा वाजला आणि डोमाजी निघून गेला. लंगडत नाही, पण डावा पाय जरा दाबून टाकत, तो नेहमी चालायचा तसाच. घरातून सुंदराबाई सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, डोमाजीचा रिकामा कप उचलून आत गेली, आणि पुंजाजीला घरात जाणं अवघड झालं.

त्यानंतरचा महिना त्यानं कसा काढला ते त्याचं तोच जाणे. रविवारी मिस्सेहून आला की वावर होतं तसं पडलेलं असे आणि बैल निंबाखाली रवंथ करत असत. "या वक्ती देवदूत नाही आला काय गा?" कोणी विचारलं की तो म्हणे, "उन्हाळा हाय." खोट्यावर आणखी एक खोटं! घरात तसबिरीकडे पाहवेना, म्हणून त्यानं ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. सुंदराबाईनं ती सरळ केली. त्यानं पुन्हा फिरवली, तिनं पुन्हा सरळ केली.

आणि त्या तसबिरीसमोर बसल्या बसल्या त्याला लख्ख कळलं. आजवर तो स्वतःला त्या गोष्टीतला इसिदोर समजत होता. पण त्या गोष्टीत आणखीही माणसं होती की! मालकाकडे जाऊन चुगली करणारे सोबतचे गडी होते. त्यांची नावं कोणी ठेवली नाहीत, त्यांची तसबीर कोणी काढली नाही. आपण ते आहोत. आपण तेच आहोत.

सणाच्या आदल्या दिवशी तो फादरांकडे पापनिवेदनाला गेला. त्याचं सगळं फादरांनी जाळीपलीकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले सांगून काय होते इसिदोर? ज्यांच्यापुढं तू चमत्कार सांगतला, त्यांच्यापुढं हे सांग. मालकाले सांग. अन् ज्याचं तू नुसकान केलं, त्याले सांग." पुंजाजीनं आशेनं म्हटलं, त्याऐवजी जपमाळा कितीबी म्हणायला सांगा. "जपमाळ कोणाचं वावर डवरत नाही," फादर म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

पंधरा मे. चर्चच्या आवारात शिंगं रंगवलेले बैल, टोपल्यांत पेरणीचं बियाणं, त्यावर पवित्र पाणी शिंपडायला उभे असलेले फादर. मूर्ती पाटावर ठेवलेली, झेंडूच्या माळा घातलेली. नत्थुजी मास्तरांनी हाक मारली, "ये पुंजाजी, आधी लोकायले सांग अन् मंग मूर्ती घे." पुंजाजी दगडावर चढला.

"देवदूत नोयता," तो म्हणाला. "डोमाजी होता."

लोकांना काही उमगेना. कोण डोमाजी? मग त्यानं सांगितलं, कोण डोमाजी, कुठं राहत होता, रविवारी पहाटेपासून काय करत होता. आवारात कुजबुज सुरू झाली. मास्तर हुशार माणूस. त्यांनी लगेच हात वर केला. "म्हंजे पाहा कशी लीला हाय! ज्यानं देव सोडला, त्याच्याच रूपात देवानं दूत धाडला! हा तं त्याहून मोठा चमत्कार झाला!" बायांनी हात जोडले. एक म्हातारा तर पुंजाजीच्या पाया पडायला पुढं आला.

मग मात्र पुंजाजीचा तोल सुटला.

"रूपात-बिपात काही नाही!" तो ओरडला. "डोमाजीच होता! डाव्या पायाले अंगठा नाही त्याच्या. पयल्याच रविवारी मी ते पाऊल पायलं, अन् ह्या पायानं पुसलं! मले मालूम होतं. मले मालूम होतं अन् मी तुमाले फुलाचा वास सांगतला! अन् मालकानं इचारलं तवा त्या माणसाची चुगली केली, की त्यानं देव सोडला म्हणून त्याच्या हाताले बरकत नाही. माह्यामुळं त्याचं साल गेलं. आता करा चमत्कार!"

जोडलेले हात खाली आले. पाया पडायला आलेला म्हातारा मागं सरकला. मास्तर आपल्या चपलांकडे पाहू लागले. आपल्याला आता हलकं वाटेल, असं पुंजाजीला वाटलं होतं. पापनिवेदनानंतर वाटायचं तसं. पण तसं काही झालं नाही. तेवढ्यात बायांमधून म्हाताऱ्या मनकर्णाबाईचा आवाज आला. तिला कधी कोणाची भीड नव्हती.

"अन् मंग त्याले आणाले गेलता काय रे तू?"

पुंजाजीनं मान हलवली. नाही.

"मंग आमाले काय सांगून राहिला?"

मूर्ती त्या वर्षी दुसऱ्यानं घेतली. पुंजाजी दगडावरून उतरला, लोकांच्या मधून वाट काढत निघाला आणि थेट पाटलांच्या वाड्यावर गेला. पाटील सगळं ऐकून कपाळावर हात मारून बसले. "अबे गध्या, तवाच काहून नाही बोलला?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जा, घेऊन ये त्याले. मी जागा करतो."

अकोल्याला पुढं काय झालं ते पुंजाजीनं गावात कोणाला सांगितलं नाही. सुंदराबाईला सांगितलं, तेही कैक वर्षांनी, आजारपणात, आणि तिच्याकडून ते आमच्यापर्यंत आलं. सहासष्टच्या हिवाळ्यात तो वारला. त्या सणानंतर त्यानं मूर्तीला कधी खांदा दिला नाही. दर मे महिन्यात मिरवणुकीत सगळ्यांच्या मागं, बैलांच्याही मागं चालायचा. लोकांनी पुढं बोलावलं की म्हणे, माही जागा मले मालूम हाय.

तर अकोल्याला तो पोहोचला शनिवारी संध्याकाळी. रात्र स्टेशनावर काढली आणि सकाळी मालधक्क्यावर गेला. तिथं मालगाडीच्या वाघिणीतून ज्वारीची पोती उतरत होती. डोमाजी पाठीवर पोतं घेऊन फळीवरून खाली येत होता, डावा पाय दाबून टाकत. फळी हलली की त्या पायाला आधार सापडत नव्हता, तो थांबे, मग पुढचं पाऊल टाके. पुंजाजीला ते पाहवेना.

"पुंजा?" डोमाजी पोतं टाकून म्हणाला. "तू अठी कसा?"

पुंजाजी वाटेत जुळवून आणलेलं सगळं विसरून गेला. सरळ म्हणाला, "डोमा, मालकाजवळ मी तुही चुगली केलती. तुहं साल माह्यामुळं गेलं."

डोमाजीनं डोक्यावरचा पंचा सोडला, तोंड पुसलं. "मालूम हाय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पाडव्याच्या दिवशीच. पाटलानं तोंडावर सांगतलं, पुंजाजी असं असं म्हणते म्हणून." त्यानं पंचा पुन्हा गुंडाळला. "म्हणून तं आलतो तुह्या ओट्यावर. पयली गाडी जाऊ देल्ली. म्हटलं पुंजा आता सांगन. वैनीले दुसरा चहा मांगतला, म्हटलं उलीसा टाइम भेटन त्याले. तू काही बोललाच नाही."

एवढा वेळ तो माणूस आपल्यासाठी बसला होता! रुतलेलं पाऊल, आंब्याखालचा दगड, पाटलांपुढचं ते वाक्य, या सगळ्याहून तो रिकामा कप पुंजाजीला जड झाला.

"चाल घरी," तो कसाबसा म्हणाला. "मालक ठेवतो म्हणून राहिले. मी सगळ्याइले सांगतलं."

"आता नाही येत गड्या. पोट्टे अठी शाळेत घालतो म्हटलं. भागीरथाबी लागली कामाले." डोमाजीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पुंजाजीला बरं वाटलं असतं. "तू आला, बरं झालं. चहा पेत काय?"

तेवढ्यात मुकादमानं वाघिणीतून हाक दिली, "ए डोमाजी, गप्पा मारून राहिला काय? गाडी खाली करा लागते!" डोमाजी वळला. पुंजाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली पोत्यावर बसवलं, त्याच्या डोक्यावरचा पंचा काढून स्वतःच्या डोक्याला गुंडाळला आणि फळीवर चढला.

"अबे, आज रविवार हाय," डोमाजी खालून म्हणाला. "तुही मिस्सा?"

"आज तू बस," पुंजाजी म्हणाला आणि पोत्याखाली पाठ दिली.

मोठा झाल्यापासून त्याची रविवारची मिस्सा कधी चुकली नव्हती. त्या दिवशी चुकली. वाघीण रिकामी होईपर्यंत तो फळीवरून चढत उतरत राहिला, पाठ सोलून निघाली, आणि डोमाजी सावलीत बसून पाहत होता. एकदाही थांब म्हणाला नाही.